चिनी आणि कोरियन मालिका खरंच बघण्यासारख्या असतात का? तुमचा अनुभव काय?

असतात. फक्त लोक ज्यासाठी त्या सुचवतात, त्यासाठी नाही. अबोल, देखणा नायक, पावसात एका छत्रीखाली उभी असलेली जोडी, बाराव्या भागात गैरसमज आणि सोळाव्यात लग्न, हे दोन्ही देशांच्या मालिकांचं सगळ्यात कच्चं अंग आहे असं माझं मत झालंय. मी बघते ती त्या जोडीच्या आजूबाजूच्या माणसांसाठी.

'क्रॅश लँडिंग ऑन यू' घ्या (2019-20). दक्षिण कोरियातली श्रीमंत उद्योजिका पॅराग्लायडिंग करताना वादळात सापडते आणि सीमेपलीकडे उत्तर कोरियात जाऊन पडते. तिथला एक लष्करी अधिकारी तिला लपवतो. पुढे काय होणार ते पहिल्याच भागात कळतं. तो प्रेमात पडणारच आहे, त्यात आपण करण्यासारखं काही उरत नाही. पण त्या गावातल्या बायका! नवीन आलेली ही कोण, कुठली, कॅप्टनची खरंच होणारी बायको आहे का, याचा तपास त्या ज्या चिकाटीने करतात, तो आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत शोभला असता. शिवाय चोरून दक्षिणेच्या मालिका बघणारा एक सैनिक, आणि लोकांची बोलणी चोरून ऐकण्याची नोकरी करणारा, आतून पोखरलेला एक माणूस. कथा सोलमध्ये आल्यावर खलनायकाचा पाठलाग सुरू झाला आणि मी मोबाइल चाळायला लागले. उत्तर कोरियाचं गाव मात्र अजून डोळ्यांसमोर आहे.

'रिप्लाय 1988'मध्ये तर सगळी मालिकाच शेजाऱ्यांची आहे. सोलच्या एका गल्लीतली पाच कुटुंबं. पहिल्याच भागात जेवणाच्या वेळी प्रत्येक आई आपल्याकडचा पदार्थ शेजारी पोहोचवायला पोरांना पिटाळते आणि पोरं भांडी घेऊन एकमेकांना रस्त्यात ओलांडत राहतात. शेवटी सगळ्यांच्या टेबलावर सगळ्यांचं जेवण. नायिका दोक-सन मधली मुलगी, बापाने मित्राला जामीन राहून घर बुडवल्यामुळे तळघरात राहणारी. मोठ्या बहिणीच्या वाढदिवसालाच तिचाही उरकून टाकतात, अंडं बहिणीला आणि भावाला, कोंबडीची तंगडीही त्यांनाच. ती एक दिवस फुटते आणि मग बाप गल्लीत केक घेऊन तिच्याशी बोलतो, तो प्रसंग मधल्या भावंडांनी एकट्याने बघू नये. ऑलिंपिकमध्ये मादागास्करची पाटी धरण्यासाठी तिने महिनोन्‌महिने तयारी केलेली असते आणि तो देश ऐनवेळी माघार घेतो, हेही तिच्याच वाट्याला. तिचा भावी नवरा कोण, या कोड्यावर मालिकेने केवढा वेळ घालवलाय! त्यावरून प्रेक्षकांचे तट पडले होते. मला शप्पथ काही फरक पडला नाही.

'माय मिस्टर' (2018) सुरुवातीला बंद केली होती. काळोख, कर्ज, सगळे थकलेले. पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत पाहिली. पन्नाशीकडे झुकलेले तीन भाऊ, रोज संध्याकाळी एकाच बारमध्ये जमणारे मोहल्ल्यातले मित्र, आणि बहिऱ्या आजीला सांभाळणारी, सावकाराच्या तावडीत सापडलेली पोरगी. आजी जाते तेव्हा त्या पोरीकडे येणारं माणूसच नसतं. तेव्हा सगळ्यात नालायक समजला गेलेला थोरला भाऊ आपली लपवून ठेवलेली शिल्लक तिच्या आजीच्या क्रियाकर्मावर उधळतो आणि सगळा मोहल्ला पाहुण्यांसारखा येऊन बसतो. इथे प्रेमकथा नाही, आणि बहुतेक म्हणूनच ही मला सगळ्यात वरची वाटते.

खटकतं तेही सांगते. ट्रक. कोरियन रस्त्यावर नायक आनंदात असेल तर समजावं, त्याला उडवायला पांढरा ट्रक निघालाय. मग स्मृतिभ्रंश, लहानपणी दोघं एकदा भेटले होते हा उलगडा, आणि जुन्या मालिकांत मनगट धरून ओढून नेणं, ज्याला तिथे रोमान्स म्हणत. जाहिरातींचा तर कहर. 2010 पासून तिथे मालिकेच्या आत वस्तू दाखवायला रीतसर परवानगी आहे, त्यामुळे खुनाचा तपास करणारे पोलीससुद्धा मधेच सँडविचच्या दुकानात बसून ब्रँड कॅमेऱ्याकडे वळवून खातात.

चिनी मालिकांशी माझं जमायला वेळ लागला. देव-राक्षसांच्या तीन जन्मांच्या कहाण्या मला झेपत नाहीत. सगळ्यांचे चेहरे पिठाने पुसल्यासारखे गुळगुळीत, झगे वाऱ्यावर, आणि पन्नास-साठ भाग. तोंड आणि आवाज जुळत नाही म्हणून ॲपला दोष देऊ नका. तिकडे चिनी भाषेतच पुष्कळदा नटाऐवजी दुसऱ्याच कलाकाराचा आवाज भरलेला असतो.

पण 'नर्वाना इन फायर' (2015, 54 भाग) बघितल्यावर माझा सूर बदलला. खोट्या देशद्रोहाच्या आरोपाखाली सत्तर हजारांचं सैन्य कापलं गेलंय. त्यातून वाचलेला तरुण सेनानी चेहरा आणि नाव बदलून, खंगलेल्या प्रकृतीने, राजधानीत सल्लागार म्हणून परततो आणि कुणाच्या लक्षात न येता राजपुत्रांचे डाव उलटवत जातो. पहिले चार-पाच भाग नावं लक्षात ठेवण्यातच जातात, चिकाटी हवी. एकदा पकड बसली की सुटका नाही. आणि इथेही माझं लाडकं पात्र बाजूचंच: नायक ज्याच्या पाठीशी उभा राहतो त्या राजपुत्राची आई, राजवाड्यातली एक शांत राणी. पुस्तकाच्या समासातल्या टिपा वाचून ती नायकाला ओळखते. बोलत मात्र काहीच नाही. त्याला हेझलनट सोसत नाही, म्हणून त्याच्यासाठी पाठवलेल्या मिठाईच्या डब्यातून तेवढा पदार्थ गायब होतो. एवढंच.

अंतःपुराच्या मालिकांत एक गंमत आहे. 2018 साली चियानलोंग सम्राटाच्या राणीवशावर दोन मोठ्या मालिका आल्या: 'स्टोरी ऑफ यानशी पॅलेस' (70 भाग) आणि 'रुयीज रॉयल लव्ह इन द पॅलेस' (87 भाग). एकीत जी खलनायिका, तीच दुसरीत नायिका! लागोपाठ पाहिल्या तर इतिहासावरचा विश्वास उडतो, पण मजा येते. या प्रकाराला इतकी गर्दी झाली की 2019 च्या सुरुवातीला सरकारी वृत्तपत्राने त्यावर टीका केली आणि वाहिन्यांवरून त्या खाली उतरल्या. 2020 मध्ये मालिका 40 भागांत आवरा, जमल्यास 30 मध्ये, अशी सरकारी सूचनाही निघाली. हेतू काही असो, लांबीबद्दल मी सरकारच्या बाजूने आहे. बाकी हा सरकारी हात जाचतोच. 'द अनटेम्ड'मध्ये मूळ कादंबरीतलं दोन पुरुषांचं प्रेम पडद्यावर नुसती मैत्री होऊन येतं. नट बिचारे डोळ्यांनी जमेल तेवढं भरून काढतात.

'द लाँग सीझन' (2023) फक्त 12 भागांची. ईशान्य चीनमधलं पोलाद कारखान्याचं गाव, नव्वदच्या दशकात कामगारांना घरी बसवण्याचा काळ, आणि अनेक वर्षांनी मुलाच्या मृत्यूचा छडा लावू पाहणारा म्हातारा, एकेकाळचा रेल्वेचालक. सोबतीला दोन तितकेच मोडलेले मित्र. भोंगा, कारखान्याचं घर, कारखान्याची ओळख, आणि मग एक दिवस काहीच नाही. 1982 च्या गिरणी संपानंतरचं गिरणगाव ज्यांच्या घरात बोललं जातं, त्यांना हे परकं वाटणार नाही. माझ्या सासऱ्यांनी सबटायटल वाचायला चष्मा पुसून सगळी मालिका पाहिली. ते मराठी मालिकाही बघत नाहीत.

सुरुवात करणार असाल तर 'रिप्लाय 1988'ने करा. हिंदी डब मिळालं तरी सबटायटल लावून मूळ आवाजातच बघा, डबिंगमध्ये सगळ्या आज्या एकाच आवाजात बोलतात. मग 'द लाँग सीझन'. चिनी कंपन्या आपल्या बऱ्याच मालिका सबटायटलसह यूट्यूबवर स्वतःच टाकतात, तिथे आधी शोधा. 'नर्वाना इन फायर' सुट्टीसाठी ठेवा आणि शेजारी कागद-पेन घेऊन बसा, राजपुत्र बरेच आहेत.