बर्फावर लाकूड, लाकडावर बास्केटबॉल

प्रश्न : न्यूयॉर्कला मुलाकडे गेलो असताना मॅडिसन स्क्वेअर गार्डन हे खेळांचं आणि कार्यक्रमांचं मोठं बंदिस्त सभागृह पाहिलं. तिथे ना मॅडिसन चौक, ना बाग. मग हे नाव कशावरून? (एक वाचक, नाशिक)

नाव जुन्या पत्त्याचं आहे आणि तुम्ही पाहिलीत ती चौथी इमारत. पहिल्या दोन्ही खरोखरच मॅडिसन चौकाला लागून होत्या. पहिली तर धड इमारतही नव्हती, रेल्वेच्या जुन्या डेपोच्या जागेवरचं बिनछपराचं रिंगण होतं. १८७९ मध्ये रेल्वेमालक घराण्यातल्या विल्यम व्हँडरबिल्टने त्याला हे नाव दिलं. त्याआधी ते ‘गिलमोर्स गार्डन’ होतं, ‘गार्डन’ तिथून आलं. १८९० ची दुसरी इमारत स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुकाराची. तिसरी १९२५ मध्ये आठव्या अ‍ॅव्हेन्यूवर, जुन्या चौकापासून लांब उभी राहिली. बॉक्सिंगच्या लढती भरवणाऱ्या टेक्स रिकर्डने ती २४९ दिवसांत बांधून घेतली. पुणेकर आडनावाचं घर तीन पिढ्या नागपुरात राहावं, तसं नाव मात्र सोबत गेलं.

आजची इमारत ११ फेब्रुवारी १९६८ ला उघडली, पेन स्टेशन या रेल्वे स्थानकाच्या डोक्यावर. तिच्यासाठी १९६३ पासून स्टेशनची देखणी जुनी इमारत पाडली, त्यावर शहर संतापलं आणि १९६५ मध्ये वारसावास्तू जपण्याचा कायदा आला. स्टेशन गेलं ते गेलंच.

प्रश्न : तिथे आज आइस हॉकी आणि उद्या बास्केटबॉल असतं म्हणे. रोज बर्फ वितळवतात का? (एक वाचक, ठाणे)

छे, हंगामभर बर्फ जागचा हलत नाही. काँक्रीटच्या लादीत नळ्यांचं जाळं असतं आणि त्यांतून शून्याखाली नेलेलं खारं द्रावण फिरत राहतं. वर पाण्याचे पातळ थर एकेक करून फवारतात: आधी साधे, मग पांढरा रंग, रेषा, पुन्हा साधे. एकूण जाडी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. हॉकीचं रिंगण साधारण ६१ बाय २६ मीटर, म्हणजे अडीच सेंटिमीटरला जवळपास ३८ हजार लिटर पाणी. एकदम ओतलं तर बर्फात हवा अडकते, तो ठिसूळ होतो आणि स्केटच्या पात्याखाली कपचे उडतात.

बास्केटबॉलच्या दिवशी बर्फावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात, त्यांवर मेपल लाकडाचे क्रमांक घातलेले तक्ते. हा क्रमांक महत्त्वाचा. एक तक्ता चुकीच्या जागी बसला की पुढची अख्खी ओळ तिरकी जाते, सांधा उचलला जातो आणि चेंडू तिथे मेल्यासारखा उसळतो. मग खेळाची जागा २८.६५ बाय १५.२४ मीटर भरते ना, ते पाहतात. चाकांवरच्या बास्केट आत ढकलून कडं जमिनीपासून ३.०५ मीटरवर आणतात. हॉकीच्या रिंगणाभोवतीच्या काचा काढून खुर्च्या पुढे ओढतात.

खरा घोटाळा होतो तो दमटपणाने. हॉल २० अंशांवर आणि आर्द्रता ५० टक्के असेल, तर दव सुमारे ९ अंशांवर धरतं. आर्द्रता ७० वर गेली की हाच आकडा १४ च्या पुढे जातो. खालच्या बर्फाने गार झालेलं लाकूड त्याहून थंड असलं, की फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा त्याला घाम फुटतो. पुसून उपयोग नाही, पाच मिनिटांत पुन्हा ओलं. ३० नोव्हेंबर २०१६ ला फिलाडेल्फियात याच कारणाने सेव्हन्टीसिक्सर्स आणि किंग्ज या बास्केटबॉल संघांचा सामना पुढे ढकलावा लागला. पावसाळी, उबदार दिवशी मालाची दारं उघडी ठेवणं म्हणूनच महागात पडतं.

प्रश्न : रविशंकरांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्येच सतार वाजवली होती ना? (एक वाचक, मडगाव)

होय, १ ऑगस्ट १९७१ ला, बांगलादेशच्या निर्वासितांसाठी. सोबत अली अकबर खाँ आणि अल्लारखा. सतार-सरोद लावून होताच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या. वादन अजून सुरूच झालेलं नव्हतं! त्याच वर्षी ८ मार्चला तिथे मुहम्मद अली आणि जो फ्रेझर यांची बॉक्सिंगची लढत झाली होती. खेळाचा मजला रस्त्यापासून पाच मजले वर आहे, त्यामुळे प्रत्येक कार्यक्रमाचा बाडबिस्तरा वर चढवावा लागतो. सर्कशीचे हत्ती क्वीन्समधून बोगद्याने रात्री चालत यायचे आणि इथला उतार चढून रिंगणात जायचे.

प्रश्न : मग वरळीच्या डोममध्ये एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, सामने कसे झाले? (एक वाचक, डोंबिवली)

सोपं होतं, कारण खाली बर्फ नव्हता. ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज तिथे खेळले. पहिला सामना जादा वेळेत १३२-१३१ असा पेसर्सनी घेतला. याच छताखाली २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला हंगाम सुरू झाला आणि २०२० मध्ये कोरोना रुग्णांच्या खाटा लागल्या. मधे खांब नसलेला, सपाट जमिनीचा मोठा हॉल असला की हे जमतं.

कबड्डीची तऱ्हा मात्र वेगळी. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, एकमेकांत अडकणाऱ्या मॅटच्या तुकड्यांचं. सात जण एकाला ओढतात तेव्हा सगळा जोर तुकड्यांच्या सांध्यांवर येतो आणि फट पडते. त्यात बोट अडकलं की नख गेलंच समजा. म्हणून दोन सामन्यांच्या मधे मॅट नुसती पुसत नाहीत, सांधे पायाने दाबून पाहतात.