वाचकांचे प्रश्न : पार्किंगमधली मनाई आणि घरातली बॅटरी

प्रश्न : आगीच्या भीतीने आमच्या सोसायटीने पार्किंगमध्ये विजेच्या स्कूटर चार्ज करण्यास मनाई केली आहे. त्यामुळे मुलगा रोज रात्री बॅटरी तिसऱ्या मजल्यावर आणून मुख्य दारापाशी, चपलांच्या कपाटाजवळ चार्जिंगला लावतो. बॅटरीच्या सरकारमान्य चाचण्या झालेल्या असताना एवढी भीती योग्य आहे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : भीती अनाठायी नाही, मात्र आपल्या सोसायटीच्या ठरावाने धोका टळलेला नसून तो खालून उचलून घरात आणला गेला आहे. मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली स्कूटर पेटली, पुढच्याच महिन्यात नाशिकमध्ये कंटेनरमध्ये भरलेल्या स्कूटरना आग लागली, आणि त्याच वर्षी वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीच्या स्फोटात भाजलेल्या एका लहान मुलाचा मृत्यू झाला. मार्च-एप्रिलमधील अशा घटनांनंतर केंद्राने तज्ज्ञ समिती नेमली आणि दुचाकींच्या बॅटऱ्यांसाठीचे ‘एआयएस 156’ हे मानक कडक करून त्यातील तरतुदी डिसेंबर 2022 आणि मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू केल्या.

या मानकाचा रोख नेमका कशावर आहे, ते पाहण्यासारखे आहे. बॅटरी म्हणजे अनेक लहान सेलचा संच. एखाद्या सेलमध्ये आतल्या आत शॉर्टसर्किट झाले की निर्माण होणारी उष्णता नव्या रासायनिक क्रिया सुरू करते, त्यांतून आणखी उष्णता आणि ज्वलनशील वायू बाहेर पडतात, आणि शेजारचे सेल एकामागोमाग एक तापत जातात. म्हणून एक सेल बिघडला तरी संपूर्ण संच पेटू नये, यासाठी सेलमध्ये पुरेसे अंतर, तापमान आणि व्होल्टेजवर नजर ठेवणारी बीएमएस यंत्रणा, पाण्यापासून संरक्षण आणि चालकाला वेळीच मिळणारा इशारा यांवर भर देण्यात आला. सेलच्या रासायनिक प्रकारांपैकी लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल निकेल-मँगनीज-कोबाल्टच्या सेलपेक्षा उष्णता अधिक सहन करतात, हे खरे. पण ते पेटतच नाहीत, असा विक्रेत्याचा दावा मान्य करू नये.

चाचणी होते ती नमुन्याची. आपली बॅटरी मात्र खड्ड्यांतून हादरे खाते, कधी हातातून पडते आणि कधी दुसऱ्याच चार्जरला जोडली जाते. म्हणून घरातील जागा बदलणे हे पहिले काम. मुख्य दारापाशी आग लागली, तर बाहेर पडण्याची वाटच बंद होते, आणि विषारी धूर काही क्षणांत घर भरून टाकतो. पेटलेला संच वरून विझल्यासारखा दिसला तरी पुन्हा भडकू शकतो. अशा वेळी तो उचलायला न जाता सर्वांनी बाहेर पडावे, दार ओढून घ्यावे आणि 101 क्रमांकावर कळवावे.

सोसायटीला माझी स्पष्ट सूचना अशी, की मनाईचा ठराव मागे घ्यावा आणि पार्किंगमध्ये जिन्यापासून व मीटरच्या पॅनेलपासून दूर, मोकळी हवा असलेल्या जागी स्वतंत्र एमसीबी (जादा विद्युतप्रवाह झाल्यास वीज आपोआप तोडणारा स्विच) व योग्य अर्थिंग असलेले सॉकेट परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्यावे. केंद्राच्या धोरणानुसार निवासी जागेत खासगी चार्जिंगला परवानगी आहेच. तोपर्यंत कंपनीचाच चार्जर थेट भिंतीवरील सॉकेटला लावावा, एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये, आणि सगळे झोपेत असताना चार्जिंग टाळावे.

प्रश्न : नंबर प्लेट न लागणारी स्कूटर घेतली आहे. दुकानदार वेगाचे लॉक काढून मोठी बॅटरी बसवून देतो म्हणतो. बसवावी का? – एक वाचक, सांगली

उत्तर : मुळीच नाही. मोटारीची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल, तरच अशा गाडीला नोंदणीतून सूट मिळते, आणि त्यासाठीही पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त वाहनचाचणी संस्थेची मंजुरी लागते. ते प्रमाणपत्र दुकानदाराकडे जरूर मागा. लॉक काढले की गाडी कायद्याने विनानोंदणी मोटारवाहन ठरते, आणि मूळ वायरिंग व मोटारीला मिळणारी वीज नियंत्रित करणारा कंट्रोलर त्या वाढीव विद्युतप्रवाहासाठी बनवलेलेच नसतात. अशा बदल केलेल्या गाड्यांवर कारवाईचे आदेश राज्याच्या परिवहन आयुक्तांनी 2022 मध्येच दिले होते. जुना संच पुढे कधी निकामी झाला, तर तो भंगारवाल्याला न विकता विक्रेत्याकडेच परत करा. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.