डेमिंग जपानला कळले, मग अमेरिकेला इतका उशीर का?

डेमिंग म्हणजे कारखान्यांना मालाचा दर्जा सुधारायला शिकवणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ, आणि वरचा प्रश्न तुम्ही मला विचारलेला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन कारखान्यांचा माल असेल तसा खपत होता, दर्जाबद्दल ऐकून घ्यायची कुणाला गरजच नव्हती. जपानचं निर्यातीशिवाय भागणार नव्हतं. म्हणून १९५० मध्ये तिथल्या शास्त्रज्ञ-इंजिनिअरांच्या संघटनेने डेमिंगना बोलावलं आणि कंपन्यांचे प्रमुख स्वतः ऐकायला बसले. छापील व्याख्यानांचं मानधन डेमिंगनी घेतलं नाही, त्यातूनच १९५१ ला डेमिंग पुरस्कार सुरू झाला. अमेरिकेला ते १९८० मध्ये एनबीसी या टीव्ही वाहिनीच्या माहितीपटामुळे कळले, तेव्हा ते ऐंशीला टेकले होते.

पण तुम्ही पुढे विचारलंय, “ते तर आकडेवारीवाले, मॅनेजमेंटशी त्यांचा काय संबंध?” हे वाक्य मी आमच्या प्रॉडक्शन हेडच्या तोंडून इतकं ऐकलंय की उत्तर दिल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडे सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, शाफ्टचा व्यास कमी-जास्त येत होता. साहेबांचा हुकूम होता: प्रत्येक जॉब (तयार झालेला नग) मोजा आणि फरक दिसला की तेवढा ऑफसेट मारा, म्हणजे मशीनची सेटिंग तेवढीच उलटी सरकवा. आठ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जास्त आला, आठ कमी करा. रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं आणि मेमो मिळाला तिसऱ्या शिफ्टच्या ऑपरेटरला. आयटीआय केलेला मुलगा, हात चांगला, सांगितलेलं तंतोतंत करणारा. आणि तेच नडत होतं! मशीनचा जो मुळातला चढउतार असतो, त्याच्यामागे दर जॉबला धावलं की मापांचा पसारा कमी होत नाही, सुमारे १.४ पट वाढतो. डेमिंग सेमिनारमध्ये हेच नरसाळं आणि गोटी घेऊन दाखवायचे. नरसाळ्यातून खुणेवर सोडलेल्या गोटीचा नेम चुकला म्हणून दर वेळी नरसाळं सरकवा, गोट्या आणखी पांगतात.

मी रात्रपाळीला थांबलो, ऑफसेटला कुणाला हात लावू दिला नाही आणि मापं कंट्रोल चार्टवर मांडली, म्हणजे चढउतार नेहमीच्या मर्यादेत आहे का हे दाखवणाऱ्या आलेखावर. सगळे ठिपके मर्यादेत, म्हणजे चढउतार मशीनचा, मुलाचा नाही. तो चार्ट मीटिंगमध्ये ठेवला, तर साहेब म्हणाले, “आकडे नकोत, माणूस सुधारा.” मेमो काही मागे घेतला गेला नाही.

म्हणून सांगतो, डेमिंग येलचे गणिती भौतिकशास्त्राचे डॉक्टरेट, कंट्रोल चार्ट शिकले तो शोधणाऱ्या शूहार्टकडून, पण आयुष्यभर भांडले ते मॅनेजमेंटशीच. त्यांचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेतून येतात आणि व्यवस्था बदलायचा अधिकार फक्त वरच्यांकडे असतो. वार्षिक अप्रेझलला ते जीवघेण्या रोगांत मोजायचे. मला ते शंभर टक्के पटतं. तुमच्या हाताखाली माणसं असतील तर रिजेक्शनच्या बोर्डावरून ऑपरेटरांची नावं आजच पुसा. “हे जपान्यांनाच जमतं” असंही कुणाला ऐकवू नका, महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाने २००३ मध्ये हाच पुरस्कार घेतलाय.

हां, टूल झिजून माप एकाच दिशेला सरकत असेल तर ऑफसेट द्यावाच लागतो, चार्टवर तेही दिसतं. आणि जपानचं सगळं श्रेय एकट्या डेमिंगचं नाही, दर्जाचे दुसरे अमेरिकन तज्ज्ञ ज्युरान १९५४ मध्ये तिथे गेले होते आणि जपानी दर्जातज्ज्ञ इशिकावांसारखे तिथलेच लोक रोज राबत होते.