शेजारच्या प्लॉटवर वाडा उतरलाय

प्रश्न : पुण्याहून पिरंगुटकडे जाताना भूगावच्या पुढे आमची सोसायटी आहे. दर वर्षी दिवाळी झाली की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर धनगर उतरतात. चार-पाच पालं, घोडी, कुत्री आणि तीन-चारशे मेंढ्या. दोन-तीन दिवसांनी निघून जातात, पण तेवढ्यात वास येतो, माश्या होतात, रात्रभर कुत्री भुंकतात. चोऱ्या होतील असंही काहींना वाटतं. या वर्षी पाणी मागायला आलेल्या बाईला आमच्या वॉचमनने गेटवरून परत पाठवलं, त्यावरून मीटिंगमध्ये वाद झाला. पोलिसांत अर्ज द्यावा असं बहुमत आहे. मी सेक्रेटरी आहे. सही करू का? आणि हे लोक शहरात येतातच कशाला?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सही करू नका. आधी माझं ऐकून घ्या, मग तुमचं तुम्ही ठरवा.

ते शहरात येत नाहीत हो, ते कोकणात निघालेत. माण, खटाव, फलटण, शिरूर, पारनेर हा सगळा कमी पावसाचा पट्टा. दिवाळीनंतर तिथला चारा सरतो. त्याच सुमाराला घाटाखाली भात कापून झालेला असतो, खाचरं मोकळी पडतात. म्हणून वाडे, म्हणजे मेंढ्यांसह एकत्र फिरणारी धनगरांची बिऱ्हाडं, खाली उतरतात आणि पावसाच्या तोंडावर पुन्हा देशावर येतात, कारण कोकणातला पाऊस दख्खनी मेंढीला सोसत नाही. चिखलात खूर सडतात. तुमच्या दारातला रस्ता मुळशीवरून ताम्हिणी घाटाला जातो. म्हणजे तुमची सोसायटी बरोबर त्यांच्या वाटेवर आहे. इतिहासकार दामोदर कोसंबींनी पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवल्या, तिथे त्यांना अश्मयुगातली दगडाची बारीक हत्यारं मिळाली, आणि त्या जुन्या वाटांचा धनगरांच्या वाटांशी संबंध त्यांनी जोडून दाखवला. इतकं जुनं हे येणंजाणं आहे.

मी माण तालुक्यातली. आमची चार एकर कोरडवाहू जमीन होती. पाऊस सुरू झाला की वाडे गावाकडे परत यायचे, आणि रब्बीची ज्वारी पेरायच्या आधी वडील नारळ घेऊन वाड्यावर जायचे. का, तर आमच्या रानात मेंढ्या बसवा म्हणून विनवायला! किती रात्री बसवायच्या आणि त्याबद्दल किती पायल्या ज्वारी द्यायची, यावर चहा होईपर्यंत घासाघीस चालायची. रात्री रानात मेंढ्या बसत, भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली असे, कोकरांचं ओरडणं घरापर्यंत ऐकू येई. सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली असायची. लेंडी आणि मूत जागच्या जागी मातीत, ना गाडी ना मजूर. पुढे ज्वारी पोटरीला आली की मी बांधावर उभी राहून बोट दाखवायची, इथपर्यंत मेंढ्या बसल्या होत्या. तेवढा पट्टा वेगळाच हिरवा दिसायचा. एका वर्षी वाडा भावकीच्या रानात आधी गेला म्हणून वडील दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते.

लग्न होऊन १९८६ साली मी कोथरूडला आले तेव्हा आमच्या मागे शेतं होती आणि त्यांत मेंढ्या बसत होत्या. पुढे शेतांचे प्लॉट झाले आणि प्लॉटला भिंती आल्या. मेंढ्यांना बोलावणारा शेतकरीच तिथून उठून गेला. तुम्हाला जो त्रास वाटतो, त्यासाठी त्याच जमिनीवर पूर्वी लोक धान्य मोजत होते, हे मीटिंगमध्ये जरूर सांगा.

गेल्या वर्षी चांदणी चौकाच्या अलीकडे एका पालावर मी बसले होते. पुरुष बकरी घेऊन पुढे गेले होते (त्यांच्या बोलण्यात मेंढीला बकरीच म्हणतात) आणि बाई बिऱ्हाड आवरत होती. घोड्यावर भांडी, घोंगड्या, वर डालग्यात कोंबड्या, आणि त्यावर दीड वर्षाचं पोर बांधलेलं. तिने सांगितलं, शहर आम्ही पहाटे तीनला ओलांडतो. उजाडायच्या आत पूल मागे पडला पाहिजे. आदल्या साली हायवेवर ट्रकखाली तिच्या अकरा मेंढ्या गेल्या होत्या. बोलता बोलता ती तीन दगड मांडून चूल पेटवत होती. मी विचारलं, सगळ्यात अवघड काय? मला वाटलं होतं ट्रक म्हणेल. ती म्हणाली, पाणी. गावात आड होता, नदी होती; आता सगळं कुलपात.

म्हणून तुमच्या वॉचमनची गोष्ट वाचून मला फार वाईट वाटलं. दोन हंडे पाण्याने तुमची टाकी रिकामी होत नाही. गेटबाहेर एक नळ काढून द्या, तेवढे दोन-तीन दिवस सोडा. वाड्याचा एक कारभारी असतो, त्याला पहिल्याच संध्याकाळी भेटा. कुत्री का भुंकतात तेही कळेल: कोकरांवर भटकी कुत्री येतात, आणि ती आपल्या शहराची असतात. कचऱ्याचे डबे रात्री बंद ठेवलेत तर तुमच्याकडची झुंड कमी होईल आणि त्यांची कुत्रीही निजतील. वास आणि माश्या खऱ्या आहेत, ते नाकारत नाही. पण वाडा उठला की माळ्याला पोती घेऊन पाठवा. लेंडीखत विकत घ्यायला किती पडतं, त्यालाच विचारा. फक्त ताजी लेंडी कुंडीत घालू नका, दोन-तीन महिने कुजू द्या.

चोरीबद्दल एकच सांगते. फिरणाऱ्या कितीतरी जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलं होतं. तो कायदा १९५२ मध्ये गेला. अर्जात ‘संशयित’ हा शब्द लिहिताना कुणाची भाषा आपण लिहितोय ते पाहा. आणि सभासदांना कागदच हवा असेल, तर संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष माळरानं आणि पशुपालक यांच्यासाठी जाहीर केलंय, ते नोटीस बोर्डावर लावा.

प्रश्न : ताई, आमच्या दारातल्या पिंपळावर संध्याकाळी हजारो भोरड्या उतरतात. खाली लावलेल्या गाड्या पांढऱ्या होतात. फांद्या छाटून टाकाव्यात का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नको. एक तर शहरातलं झाड छाटायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. दुसरं, ही पाखरं मध्य आशियातून आलीत, आणि तुमच्या जिल्ह्यातल्या ज्वारीसाठी आलीत. कणसं खातात म्हणून शेतकरी गोफण फिरवतो, ते खरंच. पण नाकतोडेही तीच वेचतात, आणि पळस-पांगारा फुलला की चोची परागांनी माखून या झाडावरून त्या झाडावर जातात. गाड्या तेवढ्या दुसरीकडे लावा किंवा झाकून ठेवा. सूर्य बुडायच्या आधी वीस मिनिटं गच्चीवर जाऊन बसा, घरातल्या म्हाताऱ्यांनाही न्या. एप्रिलमध्ये एखाद्या संध्याकाळी पिंपळ रिकामा असेल. ती तारीख लिहून ठेवा आणि मला नक्की कळवा.