बेलफास्टला येऊ का असं विचारलंस म्हणून

तुझा प्रश्न काल नाईट संपवून घरी आल्यावर वाचला. नाशिकरोडची स्टाफ नर्स, सात वर्षांचा अनुभव, बेलफास्टच्या हॉस्पिटलची ऑफर हातात, मुलगी पहिलीत, आणि नवऱ्याने दंगलीचे व्हिडिओ दाखवल्यापासून तुला झोप नाही. "ताई, तिथे सेफ आहे का, आणि काही झालं तर तिथलं सरकार आपल्याला वाऱ्यावर तर सोडणार नाही ना?" मी पंचवटीची, मीही नर्सच, २०१६ च्या जानेवारीत इथे, उत्तर आयर्लंडमध्ये, आले. दोन ओळींत उत्तर देणार होते, पण तुझा तो दुसरा प्रश्न मनातून जाईना.

परीक्षा, व्हिसा, फी हे सगळं एजंटने दिलेल्या पीडीएफमध्ये असतं, ते सोडून देते.

जॉइन होताना तुला एक अर्ध्या पानाचा फॉर्म देतील. तुम्ही प्रोटेस्टंट समाजातल्या, कॅथलिक समाजातल्या, की दोन्हीतल्या नाही? तो वाचून मला धक्काच बसला होता अगं. जातीच्या दाखल्यासाठी आम्ही घरच्यांनी किती चकरा मारल्यात ते मला माहितीये, आणि वाटलं होतं हे तरी मागे राहिलं. पण आमच्या वॉर्ड सिस्टरने शांतपणे सांगितलं की आधी हे न विचारताच ओळखायचे, नाव आणि पत्ता बघून नोकरी नाकारायचे, म्हणून १९८९ च्या कायद्याने मालकांना मोजायलाच लावलं की कुठल्या समाजाचे किती लोक कामावर आहेत. फॉर्म कोरा ठेवू नकोस. कोरा ठेवला तर शाळेच्या नावावरून वगैरे अंदाज बांधता येतो, आणि मी तर नाशिकच्या कॉन्व्हेंटमधली! 'दोन्ही नाही' वर खूण कर आणि सही कर.

मग मी थोडं वाचत गेले. १९६० च्या दशकाच्या अखेरपर्यंत इथे नगरपालिकेचं मत घराला बांधलेलं होतं, आणि घरं कुणाला द्यायची ते नगरपालिकाच ठरवायची, म्हणजे ज्याला घर नाही त्याला मतही नाही. १९६८ च्या ऑक्टोबरमध्ये डेरी शहरात याविरुद्ध लोक मोर्चाने निघाले तर पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ३० जानेवारी १९७२ ला त्याच गावात ब्रिटिश सैन्याने मोर्चावर गोळ्या झाडल्या, त्या दिवशी १३ माणसं गेली, आणि सरकारी चौकशीने सैन्याचीच बाजू घेतली. नातेवाईक भांडत राहिले, तेव्हा २०१० मध्ये दुसऱ्या चौकशीचा अहवाल आला आणि ब्रिटिश पंतप्रधानांनी संसदेत उभं राहून माफी मागितली. ३८ वर्षं! ब्रिटनमध्ये राहायचं की आयर्लंडला जोडायचं यावरून झालेल्या तीस वर्षांच्या संघर्षात साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, माझ्या कितीतरी पेशंटच्या घरातलं कुणी ना कुणी त्यात आहे. मी काळाराम मंदिरापासून दहा मिनिटांवर वाढले, २ मार्च १९३० ला तिथे सत्याग्रह सुरू झाला हे शाळेत पाठ केलं, पण लोक त्या दारात पुढे किती वर्षं टिकून राहिले हे कधी घरी विचारलंही नव्हतं. ते इथे येऊन विचारलं, फोनवर, बाबांना.

आता सेफ्टी. रोजच्या जगण्यात हो, मी रात्रीच्या ड्युट्या केल्यात, बसने आलेय, कुणी वाकडं बोललं नाही. पण सगळं मिटलंय असं समजून येऊ नकोस. १० एप्रिल १९९८ ला शांतता करार झाला, बंदुका थांबल्या, पण वस्त्यांमधल्या उंच भिंती अजून उभ्या आहेत, काही ठिकाणची फाटकं रात्री बंद होतात. २०२३ पर्यंत सगळ्या भिंती पाडायच्या असं इथल्या सरकारने २०१३ मध्ये जाहीर केलं होतं, नाही झालं. एका आजींना मी विचारलं होतं की ही भिंत नको नाही का वाटत, तर म्हणाल्या, ती आहे म्हणून मला झोप लागते. घर भाड्याने घेण्याआधी त्या गल्लीत स्वतः चालून ये, खांबांवरचे झेंडे आणि फुटपाथच्या कडांचे रंग बघ, वस्ती कुठल्या बाजूची ते त्यावरून कळतं. जुलैच्या ११ आणि १२ तारखेला, प्रोटेस्टंटांच्या होळ्या आणि मिरवणुका असतात तेव्हा, जमलं तर सुट्टी टाक.

३ ऑगस्ट २०२४ ला दक्षिण बेलफास्टमध्ये बाहेरून आलेल्या लोकांची दुकानं फोडली, जाळली. तुझ्या नवऱ्याने तेच व्हिडिओ बघितले असणार. त्या आठवड्यात आम्ही एकमेकींना गाडीने घरी सोडत होतो. जून २०२५ मध्ये बॅलिमीना गावात बाहेरून आलेल्यांची घरं जाळली, तेव्हा तिथल्या काही कुटुंबांनी, जमावाने आपल्याला दुसरे कुणी समजू नये म्हणून, आपल्या दारावर 'इथे फिलिपिनो राहतात' अशी पाटी लावली. आपण कोण नाही हे सांगायला दारावर पाटी लावावी लागते, हे मी अजून विसरू शकले नाही.

आणि सरकार वाऱ्यावर सोडतं का? ऐक. जानेवारी २०१७ ते जानेवारी २०२० इथे सरकारच नव्हतं. करारानुसार दोन्ही बाजूंनी मिळूनच सत्ता चालवायची असते, एक बाजू उठून गेली की सगळं बंद. पगार इंग्लंडमधल्या नर्सपेक्षा मागे, वॉर्डात माणसं कमी, आणि निर्णय घ्यायला मंत्रीच नाही, अधिकारी आपले फाईल ढकलतायत. त्याच काळात, मार्च २०१८ मध्ये, बाबांचा फोन आला. बाबा एसटीत कंडक्टर होते, रिटायर झाले तरी नाशिकच्या सीबीएसला, मध्यवर्ती बसस्थानकावर, जाऊन बसायची सवय. तिथून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला पायी निघाला, बरेचसे आदिवासी, वनजमिनीचे पट्टे मागणारे, १८० किलोमीटर. बाबा पाणी वाटत होते. नंतर रोज फोन, आज कसारा घाटात आहेत, आज पायाला फोड आलेत, दहावीच्या पोरांच्या पेपरला त्रास नको म्हणून शेवटच्या रात्री चालत मुंबईत शिरले. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिलं. पुढे ते नीट पाळलं नाही म्हणून लोक पुन्हा २०१९ ला आणि २०२३ ला निघाले, हेही खरं. पण चालत जायला समोर सरकार तरी होतं.

१८ डिसेंबर २०१९ ला इथल्या नर्सेस संपावर गेल्या. आपल्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगच्या, म्हणजे युनियनच्या, १०३ वर्षांच्या इतिहासातला पहिला संप. कडाक्याच्या थंडीत कॅथलिक फॉल्स रोडवरची आणि प्रोटेस्टंट शांकिल रोडवरची एकाच शेकोटीपाशी उभ्या होत्या, येणाऱ्या गाड्या हॉर्न वाजवून पाठिंबा देत होत्या. मी नव्हते. मी त्या दिवशी सुट्टी टाकून घरी बसले, व्हिसाला काही झालं तर या भीतीने. कायदेशीर संपाने व्हिसाला धक्का लागत नाही हे एका फोनवर कळलं असतं, मी तो फोनसुद्धा केला नाही. बाबांना सांगितलं की ड्युटी होती. ते गेले तेव्हाही हे सांगायचं राहून गेलं. जानेवारीत सरकार बसलं, पगार इंग्लंडच्या बरोबरीने आला, आणि तो वाढलेला पगार मीही घेतला.

म्हणून हे एक लक्षात ठेव, कुठल्या पीडीएफमध्ये सापडणार नाही: भारतीय पासपोर्टवरसुद्धा तुला इथे मत आहे, कॉमनवेल्थमुळे. नाव नोंदव. मतदानाला आपला पासपोर्ट चालत नाही, फोटोचं निवडणूक कार्ड फुकट मिळतं, ते काढून घे. मी सहा वर्षं नोंदवलं नव्हतं, हे आपलं भांडण नाही म्हणून. मे २०२२ ला पहिल्यांदा दिलं, नावांपुढे १, २, ३ असे आकडे टाकायचे असतात. आणि मत देऊनही फेब्रुवारी २०२४ पर्यंत सरकार बसलं नाही, तेव्हा पहिल्यांदा मला इथल्या लोकांसारखा राग आला.

मुलीच्या शाळेचं आत्ताच बघ. इथे बहुतेक मुलं अजून आपापल्या समाजाच्याच शाळेत जातात. दोन्हीकडची मुलं एकत्र असतात अशा शाळा आहेत, पण जागा कमी, अर्ज बराच आधी करावा लागतो. माझ्या लेकीला नाही मिळाली. अकराव्या वर्षी चांगल्या हायस्कूलसाठी परीक्षा असते, तेव्हा दोन वेगळ्या परीक्षा होत्या, मुख्यतः दोन बाजूंच्या शाळांच्या. आम्हाला बाजूच नाही म्हणून २०२१ च्या हिवाळ्यात तिने दोन्ही दिल्या, चार शनिवार. मार्क चांगले पडले. तरी हव्या त्या शाळेत आधी भावंडं, मग ठरावीक प्राथमिक शाळांची मुलं असं करत आमचा नंबर आला तोवर जागा संपली. पत्र दीड ओळीचं होतं. ती म्हणाली, मम्मी, आपण नक्की कुठले? मी कपडे वाळत घालायला गेले. आता २०२३ पासून एकच परीक्षा आहे, तुझ्या लेकीला तेवढा त्रास होणार नाही.

एकटेपणाचं विचारलंस. डिसेंबरात चारला अंधार होतो, जीवनसत्त्व डी घे, रविवारी कुणाला तरी जेवायला बोलाव. होतं सवयीचं.

ऑगस्ट २०२४ च्या दंगलीनंतर पुढच्याच शनिवारी, १० तारखेला, हजारो लोक द्वेषाच्या विरोधात सिटी हॉलपाशी जमले. त्या दिवशी मी गेले, लेकीला घेऊन. संपाच्या दिवशी गेटवर उभी असलेली आमची सिस्टर तिथे भेटली, तिने काही विचारलं नाही, थर्मासमधला चहा दिला.

इथे जन्मलेल्या बहुतेक माणसांना करारानेच हक्क दिलाय, ब्रिटिश म्हणा, आयरिश म्हणा, दोन्ही पासपोर्ट ठेवा. आपल्याला ब्रिटिश घेतला की भारतीय परत द्यावा लागतो. नवऱ्याने मागच्या वर्षी दिला. माझा नागरिकत्वाचा फॉर्म भरून ड्रॉवरमध्ये आहे, सहीची जागा रिकामी. तू ये. येताना थंडीचे बूट तिथून घेऊ नकोस, इथे स्वस्त पडतात, पण मुलीची मराठी पुस्तकं मात्र बॅगेत टाक, आणि कुठल्या भागात घर बघतेयस ते घेण्याआधी मला कळव, मी चालून बघून येईन.