पाच काळे, चार पांढरे

प्रश्न : टीव्हीवर ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत बघताना रस्त्याच्या कडेला काही लोक एक काळा-पांढरा झेंडा फडकावताना दिसतात. कोपऱ्यात फुलांसारखं काहीतरी असतं. फ्रान्सचा झेंडा तर तिरंगी. मग हा कुणाचा? निषेधाचा आहे का?

उत्तर : नाही हो, निषेधाचा नाही, सुतकाचाही नाही. हा ब्रिटनीचा झेंडा, फ्रान्सच्या पश्चिम टोकाला समुद्रात घुसलेल्या प्रदेशाचा. तिथल्या ब्रेतॉन भाषेत त्याला ‘ग्वेन हा दू’ म्हणतात. ग्वेन म्हणजे पांढरा, दू म्हणजे काळा.

पुढच्या वेळी दिसला की पट्टे मोजा. नऊ भरतील. ब्रिटनीत जुन्या काळी बिशपांचे नऊ प्रांत होते, त्यांचे हे नऊ पट्टे. चार पांढरे पश्चिमेकडच्या, ब्रेतॉन बोलणाऱ्या प्रांतांचे : लेओन, त्रेगोर, कोर्नुआय, वान. पाच काळे पूर्वेकडच्या रेन, नांत, दोल, सँ-मालो आणि सँ-ब्रियचे. तिकडची बोली गालो, ती फ्रेंचच्या घरातली. एकाच प्रदेशातल्या दोन भाषा एका कापडावर शेजारी शेजारी मांडल्या आहेत आणि दोघींपैकी कुणालाही वगळलेलं नाही. मला हा झेंडा आवडतो तो यासाठी.

कोपऱ्यातली ती फुलं नव्हेत. मीही पहिल्यांदा वहीत हा झेंडा काढताना तिथे पाकळ्या काढल्या होत्या. नंतर भिंग लावून पाहिलं : वर तीन बारीक ठिपके आणि खाली रुंद होत गेलेलं, टोकाला फाटे फुटलेलं काळं शेपूट. मुंगसाच्या अंगलटीचा, पण त्याहून लहान असा एक प्राणी थंडीत पांढराशुभ्र होतो, शेपटीचं टोक तेवढं काळं राहतं. सरदार-उमरावांच्या झग्यांना त्याची कातडी शिवताना शेपटीही लावत. ते तीन ठिपके म्हणजे ती शेपटी पक्की करणारे टाके! ब्रिटनीच्या ड्यूकनी, म्हणजे तिथल्या राज्यकर्त्यांनी, 1316 मध्ये नुसती हीच नक्षी आपल्या ढालीवर घेतली. झेंड्यावर अशा शेपट्या बहुधा अकरा असतात, चार-तीन-चार अशा ओळींत.

चिन्ह इतकं जुनं असलं तरी झेंडा शंभरएक वर्षांचाच आहे. मॉर्व्हान मार्शाल नावाच्या तरुण वास्तुविशारदाने तो 1923 च्या सुमारास रेखाटला. त्याआधी ब्रिटनीची खूण होती पांढऱ्यावर काळा क्रूस.

आता काळ्या पट्ट्यांतल्या नांतकडे परत या. ड्यूकांचा किल्ला तिथे, ब्रिटनीची लाडकी डचेस ॲन 1477 मध्ये तिथेच जन्मली. पण 1941 मध्ये, जर्मनांनी फ्रान्स व्यापलेला असताना, त्यांच्याशी जुळवून घेणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने नांतचा जिल्हा ब्रिटनीपासून तोडला. युद्ध संपलं, पुढे नवे प्रदेश आखले गेले, तरी तो जिल्हा परत जोडला गेला नाही. आजच्या सरकारी नकाशात नांत ब्रिटनीत नाही. सीमाभागातल्या वाचकांना यातली सल वेगळी समजावून सांगायला नको. ‘नांत ब्रिटनीत घ्या’ म्हणून तिथे मोर्चे निघतात, तेव्हा लोकांच्या हातात हाच झेंडा असतो.

त्यावर काळे पट्टे अजून पाचच आहेत. नांतचा पट्टा कुणी काढलेला नाही.