मनाला लावून घेणारा स्वभाव बदलतो का?

‘माझा स्वभावच असा आहे, त्याला मी काय करू?’ हे वाक्य मी इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता ते कानावर पडलं की मी सावरून बसते. कुणी चिडकं असतं, कुणी भिडस्त, कुणी सतत काळजी करणारं. पण माझ्याकडे समुपदेशनासाठी सगळ्यांत जास्त येतात ती मनाला लावून घेणारी माणसं. ‘स्वभावाला औषध नाही’ ही म्हण ती सोबत घेऊनच येतात. बहुतेक वेळा ती घरातल्याच कुणीतरी ऐकवलेली असते.

त्यांच्यापैकी एकीबद्दल सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत, आणि बऱ्याच महिन्यांचं बोलणं इथे थोडक्यात आलं आहे.

त्या चाळिशीच्या उंबरठ्यावरच्या. हिशेबाच्या कामात चोख, ऑफिसात शब्दाला वजन. पण कुणी जरा तुटक बोललं की पुढचे दोन-तीन दिवस वाया जायचे. साहेबांनी समोरून जाताना बघितलं नाही, मैत्रिणीने मेसेज वाचून उत्तर दिलं नाही, एवढंही पुरायचं.

“माझी धाकटी बहीण बघा,” त्या म्हणाल्या. “एका कानाने ऐकते, दुसऱ्याने सोडून देते. मला तिच्यासारखं व्हायचंय.”

“आणि नाही होता आलं तर?”

“तर मी जन्मभर अशीच झुरत राहणार.”

त्यांची भीती अगदीच बिनबुडाची नव्हती. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून असं दिसतं की माणसामाणसांच्या स्वभावांत जे फरक असतात त्यांतला साधारण निम्मा वाटा अनुवंशाचा असतो. जेरोम केगन या मानसशास्त्रज्ञांनी चार महिन्यांच्या बाळांपुढे नवनवी खेळणी धरली, अनोळखी आवाज ऐकवले. साधारण पाचांतलं एक बाळ हातपाय झाडून रडायला लागायचं. मोठेपणी बुजरी, सावध होण्याची शक्यता या बाळांत जास्त दिसली. पण त्यांतली बरीच मुलं पुढे तशी झाली नाहीत, हेही केगन यांनीच नोंदवलं आहे. या दुसऱ्या भागाकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. ब्रेंट रॉबर्ट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली २०७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा समुपदेशन आणि उपचारांनी स्वभावगुणांत मोजता येईल एवढा फरक पडतो असं दिसलं. सर्वांत जास्त फरक होता भावनिक स्थैर्यात, म्हणजे नेमका या बाईंना जिथे हवा होता तिथे.

हे मी त्यांना सांगितलं. त्यांना बरं वाटलं, पण आकड्यांनी कुणाची रात्र सोपी होत नाही.

मग एकदा त्या आल्या त्या सुजलेल्या डोळ्यांनी. आदल्या दिवशी मीटिंगमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले होते, “हा तक्ता पुन्हा एकदा तपासा.” एवढंच. त्यावर त्या पहाटे तीनपर्यंत जाग्या होत्या. मी कागद पुढे केला आणि म्हटलं, “ती रात्र लिहून काढा. एका रकान्यात वेळ, दुसऱ्यात तेव्हा मनात काय चाललं होतं ते.”

रकाने म्हटल्यावर त्यांचा हात सरावाने चालू लागला. नऊ वाजता: साहेबांना माझं काम आवडत नाही. साडेनऊ: सगळे काय म्हणत असतील. अकरा: एवढ्याशा बोलण्याने माझी झोप उडते म्हणजे काय. साडेअकरा: या वयात तरी मला हे जमायला हवं होतं. बारा: बहिणीने हे मनावरही घेतलं नसतं. एक: माझी मुलगी माझ्यावरच जाणार. दोन: मी कधीच सुधारणार नाही.

“अकरानंतर यात साहेब कुठे आहेत?” मी विचारलं.

त्यांनी कागदावरून बोट खाली नेलं, पुन्हा वर आणलं. हिशेब न जुळल्यावर बघावं तसं बघत राहिल्या. मीही गप्प राहिले. अशा वेळी समुपदेशकाने बोलायचं नसतं.

“साहेब तर केव्हाच झोपले असतील,” त्या हळू म्हणाल्या. मग बऱ्याच वेळाने, “हे सगळं मीच मला बोलले.”

त्या दुपारी आमच्या कामाची दिशा बदलली. इतकी वर्षं ज्याला त्या आपला स्वभाव म्हणत होत्या, त्यातला स्वभाव होता जेमतेम पहिल्या दीड-दोन तासांपुरता. तुटक बोलणं त्यांना इतरांपेक्षा लवकर आणि जास्त लागतं, हे खरं. उरलेली रात्र जागवली होती ती ‘मला असं लागता कामा नये’ या हट्टाने. मी विवेकनिष्ठ विचारसरणीतली, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलायला शिकवणाऱ्या उपचारपद्धतीतली. अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांनी १९५५ पासून ही पद्धत मांडली आणि त्यात एका गोष्टीवर फार जोर दिला: माणूस आधी अस्वस्थ होतो, आणि मग अस्वस्थ झाल्याबद्दल अस्वस्थ होतो. माझ्या अनुभवात लोकांना दमवतो तो हा दुसरा थर. आणि आनंदाची गोष्ट अशी की तो जन्मजात नसतो. आपल्या स्वभावाकडे आपण कोणत्या नजरेने बघतो, हे शिकलेलं असतं. म्हणून ते नव्याने शिकता येतं.

बहिणीसारखं व्हायचं हे उद्दिष्ट आम्ही सोडून दिलं. त्याऐवजी रात्री स्वतःला म्हणायचं एक वाक्य त्यांनीच तयार केलं: ‘मला लागतं, आजही लागलं, ते मला आवडलं नाही, पण मी ते सोसू शकते.’ वाचायला साधं आहे. पण यात लागलेलं नाकारलेलं नाही आणि स्वतःवर शिक्काही मारलेला नाही. ‘मला काहीच वाटलं नाही’ असं खोटं बोलून मन शांत होत नाही. ते मनालाही पटत नाही.

पुढच्या भेटीत त्या स्वच्छ अक्षरातली वही घेऊन आल्या. “या आठवड्यात चार वेळा नापास.” का, तर चार वेळा वाईट वाटलं होतं! काटेकोर माणसं सुधारणेचीही परीक्षा करून टाकतात. कामात बढती मिळवून देणारा हा गुण घरी आला की छळतो. मी मोजायचं परिमाणच बदलायला सांगितलं. वाईट वाटलं का, हे लिहायचं नाही. परत आपल्या कामाला लागायला किती वेळ लागला, तेवढं लिहायचं. दिवसांचे तास झाले. हळूहळू, मागेपुढे होत, पण झाले.

आणखी एक बदल त्यांनी आपणहून केला. साहेबांनी पुन्हा एकदा काम परत पाठवलं तेव्हा त्या केबिनमध्ये गेल्या आणि विचारलं, “नेमकं काय खटकलं?” एका बेरजेबद्दल शंका होती, तेवढंच. आपला अंदाज खरा आहे का, हे त्यांनी इतक्या वर्षांत कधी कुणाला विचारलंच नव्हतं. हे सांगताना त्या हसत होत्या. अशा हसण्यासाठी मी हा पेशा निवडला, असं मनापासून सांगते.

तुमचं दुखणं असंच असेल, तर एखादी वाईट रात्र कागदावर उतरवून बघा. घडलेल्या गोष्टीबद्दल किती विचार होते आणि स्वतःला दिलेली बोलणी किती, ते वेगळं करा. चिडक्या माणसांनाही हे लागू पडतं: रागापेक्षा रागावल्याची शरम त्यांना जास्त वेळ पोखरते. मात्र स्वतःचा स्वभाव मान्य करणं म्हणजे तो दुसऱ्यांवर लादायची परवानगी नव्हे. राग येतो, हे मान्य करा. आवाज चढवल्याबद्दल माफी तरीही मागावीच लागेल.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ हे वाक्य थांबवा. तुम्ही धीर म्हणून बोलता, पण ऐकणाऱ्याला ‘तुझ्यातच खोट आहे’ एवढंच ऐकू येतं, आणि त्या दुसऱ्या थरात भर पडते. “लागलं का तुला?” असं विचारा आणि उत्तर पुरतं होईपर्यंत थांबा.

आणि एक गोष्ट नीट तपासा. स्वभाव वर्षानुवर्षांचा असतो. माणूस पूर्वी असा नव्हता आणि अलीकडे बदलला असेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ बहुतेक दिवस उदास असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टींतही मन लागत नसेल, तर त्याला स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. ते नैराश्य असू शकतं. थायरॉइडसारख्या शारीरिक आजारातही असं होतं. तेव्हा आधी डॉक्टरांना दाखवा, गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. जगण्यात अर्थ नाही, मरून जावंसं वाटतं, असं कुणी बोललं तर त्याच दिवशी जा, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडू नका.